नो-कोडच्या ॲपचा मालक कोण?

सोलापुरातल्या लहान उद्योगांत धंद्याचा हिशेब दोन ठिकाणी राहतो. बिले, जीएसटी आणि ताळेबंद टॅलीत असतात. बाकीचे सगळे, म्हणजे कोणत्या मागावर कोणता बीम (ताण्याच्या धाग्यांचा रूळ) चढला आहे, रंगाईला गेलेले सूत परत आले की नाही, कोणत्या कामगाराची या आठवड्याची उचल किती झाली, कोणत्या व्यापाऱ्याचा माल ट्रान्सपोर्टच्या गोदामात पडून आहे, हे वहीत, व्हॉट्सॲपवर आणि मालकाच्या डोक्यात असते. या दुसऱ्या प्रकारच्या कामासाठी तयार सॉफ्टवेअर सहसा बसत नाही, कारण प्रत्येक कारखान्याची रीत वेगळी असते. आणि मुद्दाम करून घ्यायचे म्हटले तर दहा-वीस मागांच्या कारखानदाराला तो खर्च झेपत नाही. नो-कोड साधने आली आहेत ती नेमक्या या रिकाम्या जागेत. कोड न लिहिता आपले ॲप आपणच तयार करा, हे त्यांचे आश्वासन आहे. आमच्या शहराने ते स्वीकारावे, आणि निःसंकोच स्वीकारावे, असे माझे मत आहे. मात्र कोणते काम त्यांच्यावर सोपवायचे हे ॲप उभारण्याआधी ठरले पाहिजे, आणि ते ठरवताना साधन किती सोपे आहे यापेक्षा ते सोडायची वेळ आली तर आपल्या हातात काय उरेल याला अधिक महत्त्व दिले पाहिजे.

या साधनांत पडद्यावरचे रकाने, बटणे आणि याद्या माऊसने ओढून मांडता येतात, माहितीचे तक्ते शीटप्रमाणे भरता येतात आणि अमुक नोंद झाली की तमुकाला निरोप जावा असे नियम निवडीच्या याद्यांतून लावता येतात. चेन्नईच्या झोहो कंपनीचे २००६ पासून चालत आलेले क्रिएटर, २०१२ साली सुरू झालेले बबल, शीटवरून मोबाइलचे ॲप करून देणारे ग्लाइड, गुगलने २०२० साली विकत घेतलेले ॲपशीट आणि प्रामुख्याने संकेतस्थळांसाठी वापरले जाणारे वेबफ्लो ही त्यांतली परिचित नावे आहेत. यांत प्रोग्राम नाहीसा झालेला नसतो. तो कंपनीने आधीच लिहून ठेवलेला असतो, तिच्याच सर्व्हरवर चालतो, आणि आपण त्याला आपल्या कामाचा आराखडा तेवढा पुरवतो.

सोलापूरकराला हे समजायला मागावर नक्षी विणणारे जेकार्ड यंत्र पुरेसे आहे. चादरीवरची मयूरपंखी नक्षी विणणारा कामगार एकेक धागा हाताने उचलत नाही. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ ते काम करते. १८०४ साली फ्रान्समध्ये जोझेफ मारी जाकार याने पेटंट घेतलेल्या या यंत्रणेतूनच पुढे संगणकाच्या छिद्रपत्रांची कल्पना निघाली. पण पुठ्ठे आले म्हणून नक्षीचा विचार करण्याचे काम संपले नाही. आलेखाच्या कागदावर चौकट भरत नक्षी काढणारा माणूस लागतोच, आणि त्याची एक चौकट चुकली तर निघणाऱ्या प्रत्येक चादरीवर ती चूक उमटते. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. पुठ्ठ्यांची ती माळ कारखानदाराच्या मालकीची असते. माग बदलला किंवा कारखाना दुसऱ्या शेडमध्ये हलवला तरी ती बरोबर नेता येते. नो-कोडवर उभारलेल्या बहुतेक ॲपबद्दल असे म्हणता येत नाही, आणि माझा पुढचा सारा युक्तिवाद याच फरकावर उभा आहे.

आधी फायद्यांकडे पाहू, कारण ते खरे आहेत आणि संगणक क्षेत्रातली मंडळी ते पुष्कळदा कमी लेखतात. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका टॉवेल कारखान्यात दिवाणजींनी स्वतः तयार केलेले ॲप मला पाहायला मिळाले. त्यांचे शिक्षण वाणिज्य शाखेचे, आणि प्रोग्रामिंगशी त्यांचा कधी संबंध आलेला नाही. ॲपच्या मुळाशी चार तक्ते आहेत: कामगार, माग, मालाचा प्रकार आणि रोजची नोंद. पाळी संपली की मुकादम मोबाइलवर मागाचा क्रमांक आणि टॉवेलचा प्रकार निवडतो, उतरलेले डझन भरतो आणि सेकंड, म्हणजे दोष असलेला, निघालेला माल वेगळा दाखवतो. पगाराच्या दिवशी डझनाला दर लावून, उचल वजा करून प्रत्येकाची रक्कम तयार मिळते. पूर्वी हीच बेरीज वहीवरून कॅल्क्युलेटरवर चाले आणि उचलीवरून वाद झाला की मागची पाने उलटत बसावे लागे. आता कामगाराला आपली रोजची नोंद आपल्या फोनवर दिसते, त्यामुळे वाद झालाच तर तो त्याच दिवशी होतो आणि तिथेच मिटतो.

यातले खरे बळ पैशाच्या बचतीत आहे असे मला वाटत नाही. ज्याला काम कळते त्यानेच ॲप केले, हे त्याचे बळ आहे. सेकंडचा माल म्हणजे काय, तो कोणाच्या खात्यावर धरायचा, बीम अर्धवट असताना कामगार बदलला तर डझन कसे वाटायचे, हे बाहेरच्या प्रोग्रामरला समजावून सांगताना निम्मे निसटते. उरलेल्या निम्म्यातून तो जे बनवतो ते पाहिल्यावर मालकाला आपण काय सांगायला विसरलो हे आठवते, आणि मग प्रत्येक बदलाचे वेगळे पैसे पडतात. दिवाणजींना जादा लांबीच्या टॉवेलसाठी वेगळा दर हवा होता, तेव्हा त्यांनी तो दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत घातला. गणवेश शिवणाऱ्या एखाद्या लहान कारखान्याला शाळा उघडण्याच्या हंगामात साइजनिहाय ऑर्डरची यादी हवी असते आणि जुलैनंतर तिचे फारसे काम उरत नाही. इतक्या लहान आणि हंगामी गरजेसाठी कोणतीही सॉफ्टवेअर कंपनी उभी राहणार नाही. नो-कोड नसेल तर या कामांना ॲप मिळणारच नाही, हे वास्तव टीकाकारांनी आधी मान्य करायला हवे.

पण त्याच ॲपमध्ये एक गोष्ट अशी घडली की तिच्यावरून या साधनांची मर्यादा स्वच्छ दिसते. मजुरीचा दर मालाच्या प्रकाराच्या तक्त्यात लिहिलेला होता आणि पगाराचे सूत्र डझनाला तो दर लावत होते. दर वाढला तेव्हा दिवाणजींनी तक्त्यातला आकडा बदलला. त्या क्षणी मागच्या सगळ्या आठवड्यांचे पगारही नव्या दराने मोजले गेले, आणि आधीच चुकत्या झालेल्या रकमा कागदोपत्री बाकी दिसू लागल्या. एका कामगाराने आपल्या खिशातल्या डायरीशी आकडे ताडून पाहिले म्हणून हे उघडकीस आले. उपाय सोपा होता: नोंद होते त्या वेळचा दर त्या नोंदीतच उतरवून ठेवायचा, म्हणजे पुढे दर कितीही बदलला तरी जुनी नोंद हलत नाही. डेटाबेसचे काम शिकलेल्या माणसाला ही गोष्ट पहिल्या वर्षी कळते. नो-कोडच्या पडद्यावर मात्र ती सांगणारे कोणी नसते. साधन तुमची चुकीची मांडणीही तितक्याच तत्परतेने चालवून दाखवते.

सोलापूरच्या कारखान्यात घडले ते मोठ्या प्रमाणावर ब्रिटनमध्येही घडलेले आहे. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या मोजणीतून १५,८४१ कोविडबाधितांच्या नोंदी गळाल्या. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरली जात होती, त्या फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत, आणि त्यापुढच्या ओळी गुपचूप सुटत गेल्या. त्या लोकांच्या संपर्कातल्यांना सावध करायला त्यामुळे उशीर झाला. एक्सेल हे जगातले सर्वांत जास्त वापरले जाणारे नो-कोड साधन आहे, असे म्हणायला हरकत नाही. प्रत्येक साधनाला अशी एखादी मर्यादा असते: किती ओळी, एका वेळी किती माणसे, दिवसाला किती निरोप. काम लहान असेपर्यंत ती दिसत नाही. काम वाढून भिंतीला टेकते तेव्हा बहुधा हंगाम ऐन भरात असतो, आणि त्या वेळी दुसरी सोय करायला सवड नसते.

भाषेचा प्रश्न याच मालिकेतला आहे, आणि आमच्या शहरात तो अधिक टोचतो. सोलापूरच्या एकाच शेडमध्ये मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी बोलणारी माणसे शेजारी काम करतात. त्यांची आडनावे तीन माणसे तीन प्रकारे लिहितात, आणि मग एकाच कामगाराची दोन खाती तयार होतात. देवनागरी अंकांत लिहिलेली संख्या अनेक साधने संख्या म्हणून न घेता मजकूर म्हणून घेतात, त्यामुळे बेरजेत ती धरली जात नाही. तारखेत महिना आधी की दिवस आधी, यावरून चार मार्च आणि तीन एप्रिल एकमेकांची जागा घेतात. पगाराची चिठ्ठी पीडीएफमध्ये काढली तर काही साधनांत जोडाक्षरे फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. आपण लिहून घेतलेल्या प्रोग्रामात हे दोष दुरुस्त करता येतात. इथे मात्र कंपनीला विनंती पाठवून वाट पाहायची असते, आणि मराठी चिठ्ठीची अडचण तिच्या यादीत किती खाली असेल याची कल्पना करता येते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मराठी मुलखातल्या व्यापाऱ्यांच्या जुन्या पिढीने फॉक्सप्रो या डेटाबेसच्या साधनावर केलेली बिलिंगची सॉफ्टवेअरे वापरली आहेत. मायक्रोसॉफ्टने २००७ साली फॉक्सप्रोची नवी आवृत्ती निघणार नाही असे जाहीर केले आणि जानेवारी २०१५ मध्ये उरलासुरला आधारही थांबवला. तरीही ती सॉफ्टवेअरे त्या दिवशी बंद पडली नाहीत. प्रोग्राम दुकानातल्या संगणकावर होता, माहिती डीबीएफ फाइलींत होती आणि त्या फाइली आजही लिबरऑफिससारख्या मोफत साधनात उघडतात. मालकाला नवी सोय शोधायला अनेक वर्षे मिळाली. याउलट गुगलने आपले ॲप मेकर नावाचे साधन बंद करत असल्याचे जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले, त्याच महिन्यात ॲपशीट विकत घेतल्याचेही सांगितले, आणि १९ जानेवारी २०२१ पासून ॲप मेकरवरची सगळी ॲप चालायची थांबली. साठवलेली माहिती वाचली. पण पडदे, नियम आणि परवानग्या यांची रचना कुठेही जशीच्या तशी हलवता येण्यासारखी नव्हती, त्यामुळे ॲप पुन्हा पहिल्यापासून उभारणे एवढाच मार्ग उरला. वर्षभराची मुदत मोठ्या कंपनीला पुरते. ज्याचे ॲप करणारा दिवाणजी दरम्यान दुसरीकडे लागला आहे, त्या कारखानदाराला ती पुरत नाही.

बबलवरचे ॲप कोडच्या रूपात बाहेर काढता येत नाही. माहिती तेवढी सीएसव्ही, म्हणजे कोणत्याही शीटमध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्याच्या, फाइलमध्ये काढता येते. वेबफ्लो पानांचा कोड देते, पण त्यामागची माहितीची व्यवस्था त्यात चालू स्थितीत येत नाही. कंपन्या हे लपवत नाहीत, हे न्यायाने सांगितले पाहिजे. लपलेले असते ते पुढच्या दराचे गणित. २०२३ साली बबलने आकारणीची पद्धत बदलून ती सर्व्हरवर पडणाऱ्या कामाच्या भाराशी जोडली आणि ज्यांची ॲप आधीच तिथे उभी होती त्यांच्यात मोठी नाराजी पसरली, कारण निघून जायचे म्हटले तरी नेण्यासारखे काही नव्हते. माणशी दर आकारणाऱ्या साधनांत वेगळा फास असतो. समजा माणशी महिना ५ डॉलर दर आहे. दिवाणजी, मुकादम आणि मालक अशा तिघांना तो काहीच वाटत नाही; पण चाळीस कामगारांनी आपली नोंद पाहावी असे ठरवले तर महिन्याला २०० डॉलरहून अधिक होतात, आणि तेही रुपयाच्या घसरणीसह. मग खर्च वाचवण्यासाठी सगळे कामगार एकाच लॉगिनवर येतात, आणि कोणी काय नोंदवले हे कळण्याची सोय, जिच्यासाठी ॲप केले होते, ती संपते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. कोड लिहून घेतलेले सॉफ्टवेअर तरी कुठे आपल्या ताब्यात असते? प्रोग्रामर पुण्याला नोकरीला जातो, फोन उचलत नाही, मूळ कोड त्याच्याच लॅपटॉपवर राहतो आणि मालकाकडे फक्त चालणारी फाइल असते. सोलापुरात हे इतक्या जणांनी भोगले आहे की त्यांना नो-कोडची कंपनी त्या प्रोग्रामरपेक्षा अधिक भरवशाची वाटते, आणि अनेकदा ती असतेही. माझे उत्तर एवढेच आहे की कोडच्या बाबतीत ही अडचण करारात सोडवता येते: मूळ कोड, डेटाबेसचा पासवर्ड आणि सर्व्हरचे खाते मालकाच्या नावावर हवे, ही अट घालता येते, आणि मग दुसरा प्रोग्रामर येऊन कुरकुरत का होईना तो कोड वाचू शकतो. नो-कोडमध्ये ही अट घालायला समोर कोणी माणूस नसतो. असतात त्या कंपनीच्या अटी, ज्यांवर आपण टिचकी मारलेली असते. म्हणून कोडवाल्याला आपण जे प्रश्न विचारायला शिकलो नाही ते आता दोघांनाही विचारायला शिकले पाहिजे.

माहितीच्या गोपनीयतेचा विषय मात्र मला याहून गंभीर वाटतो, कारण तिथे नुकसान दुसऱ्याचे होते. ऑगस्ट २०२१ मध्ये अपगार्ड या सुरक्षा संस्थेने दाखवून दिले की मायक्रोसॉफ्टच्या पॉवर ॲप्स या अशाच साधनावर उभारलेल्या अनेक पोर्टलमधून सुमारे ३ कोटी ८० लाख नोंदी इंटरनेटवर कोणालाही वाचता येत होत्या. त्यांत अमेरिकेतली सरकारी खाती होती, मोठ्या कंपन्या होत्या आणि खुद्द मायक्रोसॉफ्टही होती. कोणी कुलूप फोडले नव्हते. तक्त्यावर परवानग्या लावण्याची सोय मुळात बंद ठेवलेली होती आणि ती चालू करायची असते हे उभारणाऱ्यांच्या लक्षात आले नव्हते. पुढे कंपनीने ती सोय सुरुवातीपासूनच चालू राहील असा बदल केला. जिथे संगणक विभाग असलेल्या संस्था चुकल्या तिथे एकट्या माणसाने केलेल्या ॲपचे काय होईल, याचा विचार व्हायला हवा.

आमच्याकडे या धोक्याचे रूप अगदी साधे असते. विडी कामगार महिलांची यादी शीटमध्ये असते, तिच्यात आधार क्रमांक, बँक खाते आणि भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक शेजारी शेजारी असतात, आणि ॲप नीट चालावे म्हणून ती शीट दुव्यावरून कोणालाही उघडेल अशी ठेवलेली असते. शेजारच्या जिल्ह्यांतून आणि कर्नाटकाच्या सीमाभागातून सोलापुरात उपचाराला माणसे येतात; त्यांच्या आजारांच्या नोंदी एखाद्या लहान दवाखान्याने मोफत योजनेवरच्या ॲपमध्ये ठेवल्या तर त्या कोणत्या देशातल्या सर्व्हरवर आहेत हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे, आणि माहिती दुसऱ्या कंपनीकडून हाताळून घेतली तरी जबाबदारी ती गोळा करणाऱ्याचीच राहते. माझ्या मते कायद्याची भीती हे यातले दुय्यम कारण आहे. हजारी दराने विड्या वळणाऱ्या बाईने आपला आधार क्रमांक विश्वासाने दिलेला असतो. नापास ठरवून वजा केलेल्या विड्यांचा आणि मजुरीचा हिशेब तिला पाहता येत नसेल, हातात कागदी चिठ्ठीही मिळत नसेल, तर तो हिशेब ॲपवर नेण्याचा अधिकार कोणालाच नाही.

सरकारी आणि निमसरकारी कार्यालयांत आणखी एक गुंता होतो, आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. एखादे उत्साही शिक्षक किंवा ग्रामसेवक आपल्या खासगी जीमेल खात्यावरून सुंदर ॲप तयार करतात. पाणीपट्टीची थकबाकी, पोषण आहाराचा साठा, टँकरच्या फेऱ्या असे काहीही त्यात असते. कौतुक होते, तालुक्यात त्याची नक्कल होते. मग बदली होते. ॲप त्यांच्या खात्यात राहते, नव्या माणसाला पासवर्ड नसतो, आणि गावाची माहिती एका व्यक्तीच्या खासगी खात्यात अडकून पडते. दोष त्या शिक्षकांचा नाही. त्यांनी संस्थेने करायचे काम स्वतःच्या अंगावर घेतले होते. अशा ॲपला मान्यता देतानाच ते संस्थेच्या खात्यावर आणि किमान दोन माणसांच्या ताब्यात असले पाहिजे, अशी अट वरिष्ठांनी घालायला हवी. एरवी तात्पुरत्या कामांसाठी या साधनांइतके सोयीचे काही नाही. आषाढीला पंढरपुरात काही दिवस चालणाऱ्या सेवाकार्याचे उदाहरण घ्या: कोणत्या तळावर किती स्वयंसेवक, कोणत्या ठिकाणी पाणी संपत आले आहे, कोणती रुग्णवाहिका कुठे आहे. हे ॲप दोन दिवसांत उभे राहते, वारी संपली की बंद करता येते आणि त्यातले फोन क्रमांक त्याच वेळी पुसून टाकता येतात. मात्र एवढ्या गर्दीत इंटरनेटवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून नोंद फोनमध्ये धरून ठेवून जोडणी आल्यावर पाठवणारे ॲपशीटसारखे साधन तिथे घ्यावे लागेल. जोडणी असेल तरच चालणारे साधन तिथे उपयोगाचे नाही.

तरुणांच्या रोजगाराच्या बाजूनेही या प्रश्नाकडे पाहिले पाहिजे. सोलापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी मुलेमुली शिकून बाहेर पडतात आणि पुण्याची किंवा हैदराबादची गाडी पकडतात. इथल्या कारखानदाराला ज्यांची गरज आहे ती ही मंडळी, आणि त्यांना परवडेल इतके पैसे देणारे काम इथे नाही. नो-कोडमुळे ॲपचा खर्च इतका उतरतो की एखाद्या तरुणाने वसाहतीतल्या वीस-पंचवीस कारखान्यांची लहान ॲप करून त्यांची देखभाल पाहावी आणि त्यावर इथेच घर चालवावे, ही शक्यता पहिल्यांदाच निर्माण झाली आहे. या व्यवसायाबद्दल मला मनापासून आस्था वाटते. म्हणूनच महाविद्यालयांनी आणि प्रशिक्षण केंद्रांनी एखाद्याच कंपनीच्या साधनातली बटणे शिकवून प्रमाणपत्र देण्याला माझा विरोध आहे. त्या कंपनीने पडदा बदलला की ते शिक्षण शिळे होते. तक्ते कसे विभागायचे, त्या वेळचा दर नोंदीतच का उतरवायचा, कोणाला काय दिसावे, राखीव प्रत कशी घ्यायची आणि ती परत भरून खरोखर चालते का हे कसे तपासायचे, हे शिकलेला विद्यार्थी कोणत्याही साधनात काम करील. आता साध्या भाषेत सांगितले की कोडच लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. त्यांच्यामुळे कोड हातात राहण्याची अडचण कमी होईल, पण हातातला कोड न समजण्याची अडचण वाढेल. वरचे शिक्षण तेव्हाही तितकेच लागेल.

मग कारखानदाराने काय करावे? ॲप उद्या सकाळी उघडलेच नाही तर काम वहीवर चालू ठेवता येईल का, असे स्वतःला विचारावे. येत असेल तर नो-कोड बिनधास्त वापरावे. येत नसेल, किंवा त्या माहितीत दुसऱ्या कोणाचे आरोग्य, बँक खाते वा हक्क गुंतलेले असतील, तर ते काम ज्याची किल्ली आपल्याकडे नाही अशा ठिकाणी ठेवू नये. आहे त्या ॲपची माहिती दर महिन्याला सीएसव्ही फाइलमध्ये काढून कारखान्यातल्या संगणकावर ठेवावी. ॲपमधले नियम, म्हणजे मजुरी कशी मोजली जाते, उचल कधी वजा होते, सेकंडचा माल कोणाच्या खात्यावर पडतो, हे साध्या मराठीत एका वहीत लिहून ठेवावे, कारण माहिती बाहेर काढता आली तरी नियम बाहेर येत नाहीत, आणि नवे ॲप उभारताना वेळ जातो तो तेच आठवण्यात.

याच्या पुढची पायरी एकट्याला जमणारी नाही. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे धंद्याचा कारभार सांभाळणारे ईआरपीनेक्स्ट किंवा दुसऱ्या कंपनीचे ॲपस्मिथ ही मुक्तस्रोत, म्हणजे मूळ कोड खुला असलेली, साधने आपल्या सर्व्हरवर बसवता येतात. ईआरपीनेक्स्टमध्ये नवे रकाने आणि नमुने पडद्यावरूनच वाढवता येतात, तर ॲपस्मिथला थोडेबहुत कोडचे ज्ञान लागते. दोहोंत ॲप आणि माहिती आपल्याकडे राहते. सर्व्हर सांभाळणे, राखीव प्रती घेणे, सुरक्षेचे बदल वेळेवर बसवणे हे काम दहा मागांच्या कारखानदाराला झेपणार नाही, हे खरे आहे. पण यंत्रमागधारकांच्या, गणवेश उत्पादकांच्या आणि बाजार समितीतल्या अडत्यांच्या संघटनांनी मिळून एक सर्व्हर घेतला, तो पाहायला इथल्याच महाविद्यालयातून निघालेले दोन तरुण पगारावर ठेवले आणि वर्गणी मागांच्या वा उलाढालीच्या प्रमाणात लावली, तर एकेका सभासदावर पडणारा खर्च परदेशी कंपनीला माणशी मोजाव्या लागणाऱ्या रकमेहून जास्त होईल असे मला वाटत नाही. त्या सर्व्हरवरचे पहिले ॲप आठवड्याच्या मजुरीचे असावे. त्याचे नियम शेडमध्ये सगळ्यांना पाठ असतात, चूक झाली तर डायरी बाळगणारा कामगार ती आठवड्याच्या आत दाखवून देतो, आणि ॲपवर विश्वास बसेपर्यंत वहीही शेजारी चालू ठेवता येते.